टाळांची पिशवी

गेल्या वर्षी धनत्रयोदशीच्या संध्याकाळी आमच्या वरच्या मजल्यावरची मुलगी दारात आली, माझ्या हातात एक पुडी ठेवली आणि माफी मागून गेली. नोकरीसाठी मुंबईत आलेली, आणखी दोघींबरोबर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणारी, पंचविशीची असेल नसेल. पुडी साध्या कागदाची, लाल दोऱ्याने बांधलेली. "काकू, उटणं आहे, मीच केलंय. यंदा दुसरं काही आणायला जमलं नाही, समजून घ्या," असं म्हणून मी आत बोलावेपर्यंत ती जिना चढूनही गेली. तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं आणि हनुवटीपर्यंत खोके रचलेला कुरियरवाला बाहेर आला. सोनेरी कागद, त्यावर साटीनच्या फिती. समोरच्या दाराची बेल वाजली. मी आत येऊन पुडी सोडली. करंज्यांच्या तळणाचा वास घरभर भरला होता, तरी वाळा, कचोरा आणि संत्र्याची साल यांचा वास त्यातून वेगळा वर आला. चिमूटभर उटणं बोटांत चोळून पाहिलं. एकही कण टोचला नाही. वस्त्रगाळ केलेलं होतं.

मग ही मुलगी माफी कशाची मागत होती?

उटणं विकत आणायचं तर कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जायचं, एवढंच. घरी करायचं तर नवरात्रातच सुरुवात करावी लागते. आधी संत्र्याच्या साली वाळवायच्या, आणि मुंबईत साल वाळवणं सोपं नाही. ऑक्टोबरचं ऊन कडक असतं, पण ते प्रत्येकाच्या खिडकीत येत नाही. आलं तरी दुपारी तासभर टेकतं आणि पुढच्या टॉवरआड जातं. ग्रिलमध्ये ताट ठेवलं की कबुतरं येतात, म्हणून वरून जुनी ओढणी बांधायची. संध्याकाळी ताट आत घ्यायचं राहिलं तर दमट हवेने कुरकुरीत झालेली साल पुन्हा चामट होते. बाकीचं सामान दादरला काष्ठौषधींच्या दुकानात मिळतं. आमच्या घरचं माप असं: मसुरीच्या डाळीचं पीठ २०० ग्रॅम, मुलतानी माती १०० ग्रॅम, आणि आंबेहळद, गव्हला-कचोरा, नागरमोथा, वाळा, कपूरकाचरी आणि सालीची पूड प्रत्येकी २५ ग्रॅम. गुलाबाच्या पाकळ्या घरात वाळलेल्या असतील तेवढ्या. चंदन आम्ही कधी घातलं नाही. ते परवडण्यातलं नव्हतं आणि वाळ्याच्या वासावर आमचं छान भागायचं. सगळं दळून, मैद्याच्या चाळणीने चाळून झालं की खरं काम पुढे असतं. पातेल्याच्या तोंडावर मऊ सुती फडकं ताणून बांधायचं आणि पूड त्यावर हाताने गोल फिरवत गाळायची. वाळ्याचे आणि नागरमोथ्याचे तंतू वर राहतात. ते तसेच गेले तर अभ्यंगस्नानाच्या दिवशी पोरांच्या अंगावर ओरखडे उठतात. पंखा लावता येत नाही, शिंकांनी जीव हैराण होतो, नखांत पिवळा रंग बसतो. तीनशे रुपयांच्या आतबाहेरच्या सामानात पंधरा-सोळा पुड्या होतात. त्या मुलीने हे सगळं आठवड्याच्या एकुलत्या एका सुट्टीच्या दिवशी, तिघींत मिळून असलेल्या एका ओट्यावर केलं असणार.

तिच्या चेहऱ्यावरचा तो संकोच मला परका नव्हता. तो मी माझ्या बाबांच्या चेहऱ्यावर पाहिला होता, १९८२च्या दिवाळीत.

आम्ही लालबागला चाळीत राहायचो. बाबा गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर. १८ जानेवारीला संप सुरू झाला तेव्हा सगळे म्हणत होते, महिन्याभरात मिटेल. अडीच लाख कामगार बाहेर पडलेत, मालकांना नमावंच लागेल. पुढचं सांगायला नको. पावसाळा आला, गेला, गणपती झाले, दसरा झाला. आमच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांना कुलूप लागलं, ती बिऱ्हाडं कोकणात गेली. उरलेल्यांच्या माळ्यावरची तांब्या-पितळेची भांडी एकेक करून गहाण पडत होती. मी शाळेत जाण्याच्या वयाची होते, मला भांडी गेल्याचं तेवढं कळलं नाही. मला कळलं ते भोंग्याचं. ज्या आवाजावर आमची सकाळ, बाबांचा डबा, नळाची रांग सगळं चालायचं तो आवाजच नव्हता, आणि बाबा कुठल्याही वेळी घरात दिसायचे. एरवी दिवाळीच्या आधी बोनस व्हायचा. बोनस झाला की आई आणि बाबा जोडीने बाजारात जायचे, आणि आल्यावर आई सगळ्या पिशव्या पलंगावर पालथ्या करायची. त्या वर्षी बोनस नव्हता, आणि तो कधी होईल असं कुणी बोलतही नव्हतं.

चाळीत दिवाळीला फराळाची ताटं फिरायची. क्रोशाच्या रुमालाखाली झाकलेलं ताट या दारातून त्या दारात जायचं आणि परत येताना त्या घरचं काहीतरी घेऊन यायचं. ताट किंवा डबा रिकामा परत करायचा नाही, अगदीच काही नसलं तर चिमूटभर साखर घालायची, हे आम्हाला बोलायला लागल्यापासून शिकवलेलं. त्या वर्षी कोण कुणाला काय देणार होतं? रेशनचं पामतेल जेवढं मिळालं त्यात घरापुरत्या चकल्या निघाल्या तरी पुष्कळ. काही बायकांनी आधीच एकमेकींना सांगून टाकलं, यंदा ताटं नकोत. सगळ्यांनाच सुटल्यासारखं झालं असणार. आई मात्र गप्प होती. तिने माळ्यावरून पत्र्याची ट्रंक खाली काढली.

त्या ट्रंकेत फेंट होते. गिरणीच्या दुकानात कामगारांना सवलतीत मिळणारे कटपीस, पॉपलिन, मांजरपाट, पायजम्याचं पट्ट्यापट्ट्यांचं कापड, कुठे रंग फाकलेला, कुठे काठ तिरपा आलेला. वर्षानुवर्षं साठवलेले तुकडे होते ते. आईकडे हाताने फिरवायचं शिवणयंत्र होतं. भांडी गेली, तिच्या कानातलं गेलं, मशीनला मात्र तिने हात लावू दिला नव्हता. रात्री जेवणं उरकली की ती मोरीच्या बाजूला सतरंजी टाकून बसायची आणि शिवायची. काय शिवायचं ते तिने दिवसा ठरवलेलं असायचं, कारण दिवसभर ती गॅलरीत, नळावर, रेशनच्या रांगेत माणसं बघत असायची.

कोपऱ्यावरच्या खोलीतल्या आजींना खाली बसलं की उठताना गुडघा धरायचा. त्यांच्यासाठी तिने चिंध्या भरून पाटावर बसेल अशी जाडसर गादी शिवली. शेजारच्या काकी संपात खानावळीची पोळीभाजी करून देऊ लागल्या होत्या. त्यांना गरम डबे उतरवताना पदर वापरावा लागायचा, म्हणून दुहेरी कापडाचे चिमट्यासारखे धरता येतील असे दोन कप्पे, मध्ये पट्टीने जोडलेले. खालच्या मजल्यावरची एक मुलगी त्या जूनमध्ये पहिलीत गेली होती, तिची पाटी दप्तरातून निसटून दोनदा फुटली होती. तिच्या पाटीच्या मापाची पिशवी, आतून घोंगडीचा तुकडा लावलेली.

आणि बुवांची टाळांची पिशवी.

बुवा आमच्या चाळीच्या भजनी मंडळाचे. गिरणीत ते बाबांच्याच खात्यात होते. एकादशीला, गुरुवारी भजन व्हायचं ते समोरच्या चाळीत, आणि बुवा परत यायचे ते रात्री बारा-एकला. टाळ धोतराच्या जुन्या फडक्यात बांधून काखेत धरलेले. पितळी काठाने ते फडकं फाटायचं आणि दर पायरीला टाळ एकमेकांवर आपटून किणकिणायचे. उन्हाळ्यात अर्धी चाळ गॅलरीत झोपलेली असायची. तान्ही पोरं जागी व्हायची, त्यांच्या आया चडफडायच्या, पण बुवांना तोंडावर बोलायची कुणाची छाती नव्हती, आणि बुवांनाही हे कळत असावं, कारण ते शेवटचा जिना टाळ दोन्ही हातांनी छातीशी आवळून चढायचे. आईने त्यांच्यासाठी पायजम्याच्या निळ्या पट्ट्यांच्या कापडाची पिशवी शिवली. आत मधोमध घोंगडीचा पडदा, म्हणजे एक टाळ इकडे, एक तिकडे. तळाला कापड तिहेरी, काठाने फाटू नये म्हणून. तोंडाशी नाडी, आणि टाळांची दोरी बाहेर काढायला एका बाजूला काजं केलेली फट. त्या फटीचं काज आईने तीनदा उसवून पुन्हा केलं, कारण दोरीची गाठ त्यातून जात नव्हती. टाळ मागून आणले तर गुपित फुटेल, म्हणून माप तिने नजरेने घेतलं होतं. भजनाच्या वेळी समोर बसून.

बाबांना हे आवडलं नाही. "लोक म्हणतील, दिवाळीच्या चिंध्या वाटल्या," ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. माझ्या मनात त्यांचा तो पाठमोरा आकार अजून आहे. ज्या कापडाचे तुकडे आई जोडत होती ते कापड त्यांच्यासारख्यांनीच विणलेलं, आणि आता ते घरात आणायचीही सोय राहिली नव्हती. सगळी चाळ एकाच संपात होती, कुणी कुणाला हसणार नव्हतं. तरीही देणाऱ्याचा हात थोडा वर असावा असं त्यांना वाटत असणार. त्यांच्या घरात, गावाकडे, सणाला देण्याची रीत होती आणि ती मोडली याचं दुःख त्यांना भुकेपेक्षा जास्त होतं, असं मला आज वाटतं. आई काही बोलली नाही. ती हँडल फिरवत राहिली.

दोन दिवसांनी बाबा कुठूनतरी बांबूच्या कामट्या घेऊन आले आणि गॅलरीत बसले. आम्ही पोरं भोवती गोळा. कामट्या तासून, मापाला कापून त्यांचे चौकोन करायचे आणि कोपरे दोऱ्याने बांधायचे. साच्यावर धागा तुटला की चालू कामात जोडायचा असतो, ती बारीक, न सुटणारी गाठ बाबा एका हाताच्या बोटांनी मारायचे. आमच्या नजरेला ती दिसायचीसुद्धा नाही. बोटं हलायची आणि कोपरा पक्का झालेला असायचा. किती महिन्यांनी ती बोटं त्या वेगाने चालत होती! आईने मैद्याची खळ शिजवली, झुरळांनी खाऊ नये म्हणून त्यात मोरचुदाचा खडा टाकला. पतंगी कागद सगळ्या घरांतून पैसा-पैसा काढून आणला. कंदिलाच्या खालच्या शेपट्या कापायचं काम माझ्याकडे. कात्री बोथट होती, कागद ओल्या हाताला चिकटायचा आणि हिरवा रंग बोटांना लागायचा. आमच्या मजल्यावर त्या वर्षी प्रत्येक दारात बाबांच्या हातचा कंदील होता, कुलूप लागलेल्या दोन दारांतसुद्धा. ते कंदील कुणाला द्यायचे हा प्रश्नच नव्हता, तरी बाबांनी ते लावले. त्यावर कुणी काही बोललं नाही.

पाडव्याला आईने आम्हा पोरांना पिशव्या, गाद्या घेऊन घरोघर पाठवलं. आजींनी गादी उलटसुलट करून पाहिली, लगेच पाटावर घातली आणि बसून दाखवलं. पाटीवाल्या मुलीने पिशवी गळ्यात अडकवली ती रात्री झोपतानाही काढली नाही. बुवांनी टाळ आत घातले, नाडी ओढली, पिशवी कानाशी नेऊन हलवली. मग पुन्हा हलवली. "तुझ्या आईला सांग," ते मला म्हणाले, आणि काय सांगायचं ते न सांगताच आत गेले. कार्तिकी एकादशीच्या रात्री ते भजनाहून कधी परतले ते चाळीत कुणालाच कळलं नाही.

आज मी त्या रात्रींचा विचार करते तेव्हा मला निव्वळ अभिमान वाटत नाही. चाळीस वॉटच्या बल्बखाली शिवून आईचे डोळे गेले ते त्याच दोन-तीन वर्षांत. त्या भेटी स्वस्त होत्या, कारण तिच्या रात्रींचे पैसे कुणी मोजत नव्हतं. ती स्वतःही नाही. सणाच्या घरगुती गोष्टींचं आपण कौतुक करतो तेव्हा त्या कुणाच्या हातून होतात हे पाहिलं पाहिजे असं मला वाटतं. बहुतेक वेळा ते बायकांचे हात असतात, नोकरी करून आलेल्या, तळण आटोपलेल्या, कंबर धरलेल्या. आमच्याच गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या बायकांना हाताशी धरून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि चुलीपुढच्या कामाला कर्ज मिळू शकतं, हिशेब असू शकतो हे दाखवलं. आईला ते माहीत होतं, शेजारच्या काकींनी तिला सांगितलं होतं. पण पिशवी शिवणं तिच्या लेखी काम नव्हतंच. ते देणं होतं, आणि देण्याचा हिशेब करायचा नसतो अशी तिची पक्की समजूत. मी या बाबतीत तिच्याइतकी ठाम नाही. बचत गटाच्या बायका कंदील, वाती, उटणं घेऊन बसतात तेव्हा मी त्यांच्याशी भाव करत नाही. त्या गाळलेल्या पुडीमागे काय आहे ते माहीत असताना दहा रुपये कमी करा म्हणायला जीभ रेटत नाही.

आणि तरीही माझ्याच हातांनी काही करून द्यावंसं मला दर वर्षी वाटतं. ऑफिसात माझ्याबरोबर बदलापूरहून येणारी एक मैत्रीण होती. गाडीत बसायला मिळालं की ती पर्समधून कापसाचा पुंजका काढायची आणि फुलवाती करायला घ्यायची. कापूस चिमटीने उलगडून चपटा गोल करायचा, मधून उचलून देठ वर काढायचा आणि दुधाचं बोट लावून पीळ द्यायचा. दूध ती औषधाच्या जुन्या बाटलीच्या झाकणात आणायची. घाटकोपरपर्यंत समोरच्या दोघी-तिघींच्या हातातही कापूस असायचा. गर्दीत कोपर लागायचं, वात चुरगळायची, मग तीच पुन्हा उलगडून करायची. दिवाळीच्या आधी ती वाती पातळ केलेल्या साजूक तुपात बुडवून बर्फाच्या ट्रेमध्ये थिजवायची, आणि डब्यातल्या सगळ्याजणींना एकेक लहान डबी. माझी सासू तेव्हा अंथरुणाला खिळलेली होती. तिला देवापुढे निरांजन लावायचं असायचं पण तूप सांडायचं. मैत्रिणीने मला डबी दिली ती देताना म्हणाली, "यातली एक उचलून ठेवायची निरांजनात, बस्स. सांडलवंड नाही." माझ्या सासूबद्दल मी तिला कधीतरी बोलता बोलता सांगितलं होतं, मला आठवतही नव्हतं. तिला आठवत होतं.

नाताळात वांद्र्याच्या गावठाणातली आमची दुसरी मैत्रीण कुलकुल आणायची, नाताळचा तळलेला गोड खाऊ. ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतल्या मूळच्या ख्रिस्ती घरातली, घरी बोलायची ती आमच्याचसारखी मराठी, फक्त हेल वेगळा. कुलकुलावरच्या रेषा काट्याने किंवा नव्या कोऱ्या कंगव्याने उमटवतात हे तिच्याकडून कळलं, आणि त्यासाठी सगळं घर, आजीपासून नातवंडांपर्यंत, टेबलाभोवती बसतं हेही. उन्हाळ्यात तिच्याकडे बाटली मसाला व्हायचा, बिअरच्या गडद बाटल्यांत दाबून भरलेला. एकदा तिने मला त्यातली लहान बाटली दिली, वर चिठ्ठी: "तुझ्या घरात लसूण-कांदा नसलेल्या दिवशी बटाट्याला." आमच्याकडे चातुर्मास पाळतात हे लक्षात ठेवून तिने मसाला दिला होता. कुलकुलाचा तिचा डबा मी परत केला तेव्हा त्यात तिळगूळ होता, संक्रांत आली होती.

सोनेरी खोक्यांचा मला राग नाही. त्यातले बदाम-काजू चांगलेच असतात आणि ज्याला वेळ नाही त्याने काय करावं? पण त्या खोक्यात मला माझं काही सापडत नाही. वर नाव असतं ते पत्त्यासाठी. तोच खोका खालच्या मजल्यावर गेला असता तरी चाललं असतं. आईची पिशवी बुवांखेरीज कुणाच्या उपयोगाची नव्हती. म्हणून हातची भेट पन्नास जणांना देता येत नाही असं मला वाटतं, दोघा-तिघांनाच देता येते. त्यांना आपण पुरेसं पाहिलेलं असावं लागतं. त्यांचं काय दुखतं, काय सांडतं, काय सतत हरवतं. आणि दिलेली वस्तू वापरून संपणारी किंवा रोज हाताशी लागणारी असावी. प्लास्टिकच्या बाटल्या कापून, चमकी लावून केलेल्या शोभेच्या वस्तू मुंबईच्या घरांत कुठे ठेवायच्या? पणत्या रंगवायच्या तर धारावीच्या कुंभारवाड्यातून साध्या आणाव्यात, गेरू आणि चुन्याचे ठिपके पुरतात. ऑइल पेंट लावलेली पणती तापली की वास मारते. देताना एवढं जरूर सांगावं की आदल्या रात्री पाण्यात बुडवून ठेवा, म्हणजे तेल कमी पितात. वेष्टनासाठी मी कालनिर्णयची जुनी पानं जपून ठेवते. ज्याला द्यायचं त्याच्या वाढदिवसाचा महिना शोधायचा आणि तारीख वर येईल अशी घडी घालायची. २०१८ सालच्या प्लास्टिकबंदीनंतर आमच्या सोसायटीत पिशव्या कमी झाल्या, पण चकचकीत वेष्टनांचा ढीग भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी कचऱ्याच्या डब्याशेजारी अजून तसाच असतो.

वरच्या मजल्यावरच्या मुलीकडे मी पाडव्याला गेले. चिवड्याचा डबा घेऊन, आणि उटण्याचं माप विचारायला. ती आधी अवघडली. मग हळूहळू बोलली. ऑफिसात सगळे एकमेकांना महागाचं काहीतरी देतात, कुणी काय दिलं याचे फोटो ग्रुपवर येतात. त्याच्या आदल्या वर्षी तिने घरी केलेले शंकरपाळे नेले होते, ते कुणी उघडलेच नाहीत, पँट्रीत तसेच पडून सादळले. घरी पैसे पाठवायचे असतात, भाडं असतं. "आजी म्हणायची, सणाला हाताने केलेलं द्यावं. पण इथे दिलं की लोकांना वाटतं, हिला परवडत नाही." परवडत नव्हतंच, ते ती लपवत नव्हती. तिला वाईट वाटत होतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. आजीकडून शिकलेली चांगली गोष्ट ती लाज वाटल्यासारखी देत सुटली होती, याचं. मी तिला म्हटलं, मी नरकचतुर्दशीला तुझंच उटणं लावलं, आणि तू फडक्याने गाळलंस ते मला कळलं. तेव्हा तिचा चेहरा उघडला. जुन्या मलमलच्या ओढणीने गाळते म्हणाली, दोन पदर करून. आजीची मापं मुठीची आहेत, ग्रॅममध्ये तिला सांगता येईना. मग आम्ही दोघींनी तिच्या मुठी माझ्या वजनकाट्यावर तोलल्या. तिची मूठ लहान, आजीची म्हणे मोठी होती, तर त्याचा अंदाज धरून आकडे वाढवले. ते माप आता माझ्या वहीत आहे. त्यात आमच्यापेक्षा वाळा जास्त आणि मुलतानी माती कमी.

यंदाची तयारी सुरू झाली आहे. आमच्या इमारतीचा रात्रपाळीचा वॉचमन जौनपूरचा आहे. गच्ची, पंपाची खोली, मीटरची खोली, मागचं गेट, सगळ्यांच्या चाव्या एकाच कड्यात, आणि पहाटे पाणी सोडायच्या वेळी तो टॉर्च दातांत धरून एकेक चावी कुलपाला लावून पाहत असतो. मुलाची जुनी जीन्स आहे. तिची गुंडाळून ठेवता येईल अशी पट्टी करायची, प्रत्येक चावीला वेगळा कप्पा आणि कप्प्यावर जाड दोऱ्याने नाव, अंधारात बोटाने वाचता येईल असं ठसठशीत. गुपित ठेवायला मला जमलं नसतं, चाव्यांची लांबी कळायला हवी होती, म्हणून सरळ त्यालाच विचारलं. त्याने कडं माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "आंटी, पंपवाली सबसे पहले लगाना, चार बजे वही लगती है। और थोड़ा कस के सीना, गिरनी नहीं चाहिए।" मापं वहीत उतरवली आहेत. मशीनला सोळा नंबरची सुई आणायची आहे, जीन्सच्या चार पदरांत चौदाची मोडते.